खोक्यांची लाइन ठरल्या आकड्याला पोचत नाही. पट्ट्याचा वेग वाढवून उपयोग होईल का?

पडघा_मेंटेनन्स (धागाकर्ता), 14 सप्टेंबर, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या बाजूला एका गोदामात मी मेंटेनन्स बघतो. साबण, शाम्पू, बिस्किटं, डिटर्जंट असा घरगुती वापराचा माल आमच्याकडे येतो आणि आठ मार्गांच्या गाड्यांत भरून जातो. मार्चमध्ये इथे कन्व्हेयर बसवला. त्याआधी सगळं काम हातगाडीवर आणि हॅन्ड पॅलेटवर चालायचं.

रचना साधी आहे. पॅलेटवरून (खोकी रचायच्या लाकडी चौकटीवरून) दोन माणसं खोकी उचलून पट्ट्यावर ठेवतात. पुढे बारकोड स्कॅनर, त्याच्यापुढे आठ फाटे. ज्या मार्गाचं खोकं असेल त्या फाट्यावर खालून चाकं वर येतात आणि खोकं बाजूला वळवतात. स्कॅन न झालेलं किंवा न वळलेलं खोकं गोल फिरून पुन्हा सुरुवातीला येतं. पट्ट्याचा वेग सेकंदाला 0.5 मीटर आहे. खोकी सरासरी 400 मिलिमीटर लांब, वजन साधारण 8 किलो.

बसवणाऱ्यांनी तासाला 2,200 खोकी सांगितली होती. आमच्या अगदी घाईच्या तासात 1,400 च्या वर आकडा जात नाही आणि शंभरातली 12-13 खोकी फिरून परत येतात. दसरा तोंडावर आला आहे. वरून आदेश आलाय की सोमवारपासून पट्टा 0.7 वर चालवा. मन मानत नाही, पण नको म्हणायला माझ्याकडे हिशोब नाही. कुणी मदत कराल का?

---

रोलर_पिच, 14 सप्टेंबर, रात्री 11.25

दोन गोष्टी आधी मोजून सांगा. एक माणूस एक खोकं ठेवून दुसरं ठेवेपर्यंत किती सेकंद लागतात? आणि फाट्याची चाकं वर येऊन पुन्हा खाली बसायला किती? मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल, पण निदान 50 खोक्यांचं मोजा. पाच-सहा खोक्यांवरून काही कळत नाही.

---

चाकण_शिफ्ट_बी, 15 सप्टेंबर, सकाळी 7.10

परत येणाऱ्या खोक्यांकडे आधी बघा. आमच्याकडे निम्मा त्रास सेन्सरसमोरच्या परावर्तकाचा होता. त्याच्यावर धूळ बसली की किरण परत येत नाही, सेन्सरला वाटतं समोर खोकं उभं आहे, आणि जाम झाला म्हणून लाइन थांबते. उलट स्ट्रेच फिल्म गुंडाळलेलं चकचकीत खोकं समोरून गेलं की फिल्मवरूनच किरण परत जातो आणि खोकं दिसतच नाही. दुसऱ्यासाठी ध्रुवीकरणाची काच असलेला सेन्सर मिळतो, तो घ्या. पहिल्यासाठी दर शिफ्टला कोरडं फडकं.

---

पडघा_मेंटेनन्स, 15 सप्टेंबर, रात्री 9.55

मोजलं. माणूस एका खोक्याला सरासरी 5 सेकंद घेतो. पॅलेटचा वरचा थर असेल तर 4, खालच्या थराला वाकावं लागतं तेव्हा 6-7. फाट्याचा एक फेरा साधारण दीड सेकंदाचा. परावर्तक पुसले, तिसऱ्या फाट्याचा खरंच मळलेला होता. चाकणवाले, आभार.

---

रोलर_पिच, 15 सप्टेंबर, रात्री 10.50

मग तुमचा हिशोब तुम्हीच मांडलात. पाच सेकंदाला एक म्हणजे एका माणसाची तासाला 720 खोकी. दोघांची 1,440. आणि तुमचा आकडा आहे 1,400! पट्टा कुठेही कमी पडत नाहीये. पट्टा फक्त वाहून नेतो. भरतात ती चार हातांनी.

आता वेग वाढवून काय होईल ते बघा. तासाला 1,440 म्हणजे सरासरी अडीच सेकंदाला एक खोकं. आज 0.5 वर दोन खोक्यांच्या पुढच्या कडांमध्ये सव्वा मीटर पडतं. 0.7 केलंत तर पावणेदोन मीटर पडेल. खोकी तेवढीच, मधली मोकळी जागा वाढली. वीज जास्त जाईल, वळणावर खोकी आदळतील आणि फाट्यावर चाकांना कमी वेळ मिळेल. वरच्या साहेबांना हा एवढा परिच्छेद दाखवा.

फाट्याची कमाल मर्यादा दीड सेकंदाला एक, म्हणजे तासाला 2,400. तेव्हा बसवणाऱ्यांनी सांगितलेले 2,200 खोटे नाहीत. फक्त त्यासाठी खोकी एकामागोमाग एकसारख्या अंतराने यायला हवीत. तुमची सरासरी चांगली आहे, पण दोन माणसं एकाच क्षणी ठेवतात तेव्हा दोन खोकी चिकटून जातात. स्कॅनर त्यांना एक समजतो किंवा फाट्याला पहिलं वळवून दुसऱ्यासाठी वेळ उरत नाही. तीच तुमची परत फिरणारी 12-13. शिवाय परत आलेलं खोकं नव्याची जागा खातं, म्हणून ठेवणाऱ्याला थांबावं लागतं.

उपाय स्वस्त आहे. सुरुवातीचे तीन-चार मीटर वेगळ्या मोटरवर असतील तर तेवढाच भाग निम्म्या वेगाने, 0.25 वर चालवा. माणसांना सांगा, अंतर सोडू नका, खोकी सरळ एकाला एक लावून ठेवा. 0.25 वरून 0.5 च्या पट्ट्यावर जाताना पुढचं खोकं ओढलं जातं आणि मागच्यापासून आपोआप सुटतं. 400 ची खोकी असतील तर मध्ये 400 ची फट पडते. तासाला 2,250 पर्यंत जागा मिळते आणि कुणालाही नेम धरून ठेवावं लागत नाही.

---

पट्टा_सांधणारे_काका, 16 सप्टेंबर, सकाळी 6.30

रोलर_पिच यांचं म्हणणं बरोबर आहे. मी 31 वर्षं पट्टे बसवतो आहे, आधी साखर कारखान्यात, आता गोदामांत. दोन गोष्टी जोडतो.

ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर) मोटर 50 वरून 25 हर्ट्झवर आणली की तिचा स्वतःचा पंखाही निम्म्यानेच फिरतो. भार तेवढाच आणि वारा कमी, म्हणून मोटर तापते. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी तापमान बघा. फार वाढलं तर बाहेरून वेगळा पंखा लावा किंवा गिअरचं गुणोत्तर बदलून घ्या.

दुसरं, वेग बदलला की पट्टा एका बाजूला सरकायला लागेल. लोक लगेच ताण वाढवतात. तसं करू नका, बेअरिंग जातात. पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी भेटतो त्या बाजूला सरकतो, एवढं डोक्यात ठेवा. उजवीकडे सरकत असेल तर शेपटाकडच्या (पट्टा जिथून सुरू होतो त्या टोकाच्या) रोलरचं उजवं टोक वरच्या पट्ट्याच्या चालीच्या उलट दिशेने अगदी थोडं मागे घ्या, म्हणजे खालून परत येणारा पट्टा डाव्या टोकाला आधी भेटेल. मग पट्टा निदान पाच-सहा पूर्ण फेरे फिरू द्या, तेव्हाच परिणाम दिसतो. घाईघाईत दोन्ही बाजूंचे बोल्ट फिरवले की मूळ जागा हरवते. आधी खडूने खूण करून ठेवा.

आणि पावसाळा संपेपर्यंत खोक्यांचे तळ तपासा. सप्टेंबरमध्ये पुठ्ठा ओल धरतो, तळ मऊ होऊन, जिथे पट्ट्याऐवजी नुसते रोलर असतात तिथे, फटीत बसतो. कोणत्याही क्षणी खोक्याखाली निदान तीन रोलर हवेत. रोलर 100 मिलिमीटरवर असतील तर 300 पेक्षा छोटं खोकं त्यावर घालू नका. 75 वर असतील तर 225 पर्यंत चालतं.

---

आठवा_फाटा, 16 सप्टेंबर, दुपारी 1.15

एक शंका. निम्म्या वेगाची युक्ती केली तर फट खोक्याच्या लांबीवर ठरते ना? लागोपाठ दोन छोटी आली तर?

---

रोलर_पिच, 16 सप्टेंबर, दुपारी 2.05

बरोबर पकडलंत. फट साधारणपणे पुढच्या आणि मागच्या खोक्याच्या लांबीच्या सरासरीएवढी पडते. 200 ची दोन लागोपाठ आली तर फट 200 चीच आणि ती फाट्यावर एका सेकंदाहूनही कमी अंतराने पोचतील. दीड सेकंदाच्या फेऱ्याला ते पुरत नाही. म्हणून छोटी खोकी एकामागून एक न घालता मोठ्यांच्या मध्ये घाला, नाहीतर त्यांची वेगळी पाळी लावा.

---

कोलोराडोकर, 16 सप्टेंबर, रात्री 8.45

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. मी डेन्व्हरजवळ राहतो. इथला विमानतळ ऑक्टोबर 1993 मध्ये उघडायचा होता, तो 28 फेब्रुवारी 1995 ला उघडला. उशिराचं सगळ्यात मोठं कारण सामान वाहणारी स्वयंचलित यंत्रणा. संगणकाच्या हुकमावर रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाड्या होत्या, पट्ट्यावरून बॅग नेमक्या क्षणी गाडीत पडायची. 1994 मध्ये पत्रकारांसमोर चाचणी घेतली तेव्हा बॅगा फाटल्या, कपडे रुळांवर पडले. शेवटी ती यंत्रणा मर्यादित प्रमाणात वापरली गेली आणि 2005 मध्ये तीही बंद करून साधे पट्टे आणि माणसं आली.

माझ्या कामाचा या क्षेत्राशी संबंध नाही, पण या प्रकरणावर वाचलं बरंच आहे. तिथेही एक अडचण हीच होती: बॅगा ठरावीक लयीत येतील असं धरलं होतं आणि त्या तशा येत नव्हत्या. एका ओळीवर गर्दी झाली की दुसरीला रिकामी गाडी मिळायची नाही.

---

चाकण_शिफ्ट_बी, 16 सप्टेंबर, रात्री 9.20

हे माहीत नव्हतं. म्हणजे भिवंडीत काय आणि डेन्व्हरला काय, गोष्ट तोंडाशीच अडते.

---

नवा_भिडू_22, 17 सप्टेंबर, सकाळी 11.00

पण आता रोबोट आले आहेत ना? कन्व्हेयरवर पैसे घालायचेच कशाला? ॲमेझॉनने तर 2012 मध्ये रोबोट बनवणारी किवा कंपनीच विकत घेतली, 77.5 कोटी डॉलरला.

---

रोलर_पिच, 17 सप्टेंबर, सकाळी 11.40

किवाचे रोबोट मालाची मांडणी (रॅक) उचलून माणसापुढे आणतात. हजारो जातींच्या सुट्या वस्तू शोधण्यासाठी ते उत्तम. इथे बंद खोकी एकाच वाटेने दिवसभर सलग जाणार आहेत, अशा कामाला पट्टाच स्वस्त पडतो आणि गावातला इलेक्ट्रिशियनही तो दुरुस्त करू शकतो. माल बदलत राहणार असेल, जागा भाड्याची असेल, दोन वर्षांत हलायचं असेल, तर मात्र रोबोटचा विचार करावा. जमिनीला बोल्ट मारलेला कन्व्हेयर हलवणं खर्चाचं आहे.

---

माथाड्याची_लेक, 17 सप्टेंबर, रात्री 10.10

मला एक हिशोब मांडायचा आहे. 720 खोकी गुणिले 8 किलो म्हणजे तासाला 5,760 किलो. हाच वेग सात तास राहिला तर एका माणसाच्या हातातून दिवसाला 40 टन माल जातो. दादा, तुमच्या धाग्यात पट्ट्याचा वेग आहे, खोक्याची लांबी आहे, चाकांचा वेळ आहे. हा आकडा अजून कुणी लिहिला नव्हता.

माझे वडील मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या बाजारात माथाडी होते. क्विंटलची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढायचे. 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं वजन 55 किलोच्या पुढे नसावं अशी शिफारस केली होती. 1969 मध्ये आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. त्या कायद्याने आमच्या घरात भविष्य निर्वाह निधी आला, दवाखाना आला. मणक्याचं दुखणं मात्र वडिलांबरोबर शेवटपर्यंत राहिलं. चाळिशीनंतर ते कधी सरळ झोपले नाहीत.

म्हणून कन्व्हेयर आला याचा मला आनंदच आहे. क्विंटलची गोणी कुणाच्या पाठीवर जाऊ नये. पण 100 किलो एकदा उचलणं थांबवून 8 किलो पाच हजार वेळा उचलायला लावलं तर ओझं फक्त पाठीवरून कमरेत आणि मनगटात उतरतं. पूर्वी गोणी टाकून माणूस रिकामा परत यायचा, तेवढाच दम खायचा. पट्ट्यासमोर तो परतीचा रस्ता नाही.

मी तज्ज्ञ नाही. खालच्या थराला 6-7 सेकंद लागतात असं तुम्हीच लिहिलंय. तो जास्तीचा वेळ म्हणजे वाकणं आहे. ते वाकणं काढता आलं तर तुमचे सेकंदही वाचतील आणि त्यांची कंबरही.

---

पट्टा_सांधणारे_काका, 18 सप्टेंबर, सकाळी 6.15

ताई, मनापासून लिहिलंत. पॅलेटखाली उचलणारं टेबल मिळतं, स्प्रिंगचं किंवा हायड्रॉलिक. थर कमी होत जातो तसं टेबल वर येतं, खोकं कायम कमरेच्या उंचीला राहतं. कन्व्हेयरच्या मानाने त्याची किंमत अगदी थोडी आहे. पण कन्व्हेयरच्या खरेदीत ते कुणी मागत नाही, कारण खरेदी करणारा स्वतः उचलत नाही.

---

लेबल_टेबल, 18 सप्टेंबर, दुपारी 3.30

मी पॅकिंगला आहे, दुसऱ्या गोदामात. वेगाची चर्चा वाचली, आता थांबवण्याची पण करा.

आधीच्या ठिकाणी कन्व्हेयरच्या कडेने जी ओढून लाइन थांबवायची दोरी असते ती प्लास्टिकच्या पट्टीने खांबाला बांधून टाकली होती, कारण खोकी लागून लाइन सारखी थांबायची. एके दिवशी माझ्या शेजारणीची ओढणी शेपटाकडच्या रोलरमध्ये गेली. तिने दोरी ओढली आणि दोरी हललीच नाही. मी धावत जाऊन पॅनलवरचं लाल बटण दाबलं. मानेला काचलं, श्वास कोंडला, पण वाचली. ते बटण 14 पावलांवर होतं. मी नंतर मोजली.

1948 च्या कारखाने कायद्यातच कलम 21 मध्ये फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगितलं होतं आणि कलम 22 मध्ये चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं होतं. एवढ्या जुन्या काळी लिहिलेली गोष्ट. तुमच्याकडे दोरी मोकळी आहे का, एवढं उद्या जाऊन बघा.

---

पडघा_मेंटेनन्स, 18 सप्टेंबर, रात्री 11.05

ताई, आज रात्रीच बघितलं. आमच्याही एका बाजूची दोरी बांधलेली होती. सहाव्या आणि सातव्या फाट्यामधली. मी सोडली आणि ओढून बघितली, लाइन थांबली. कुणी बांधली ते विचारलं नाही. खोकी लागू नयेत म्हणून दोरी 10 सेंटिमीटर बाहेर घेण्याचे ब्रॅकेट उद्या वेल्डरकडून करून घेतो. शेपटाच्या रोलरला जाळी आहे, पण सफाईसाठी काढलेली परत लावली नव्हती. तीही लावली.

वेग वाढवण्याचा आदेश सध्या थांबवला आहे. रोलर_पिच यांचा परिच्छेद छापून दिला. ताईंचा 40 टनाचा हिशोब मी माझ्या हाताने खाली लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

---

चाकण_शिफ्ट_बी, 19 सप्टेंबर, सकाळी 7.00

जाळी परत लावण्याबद्दल एक सवय सांगतो. सफाईला किंवा दुरुस्तीला हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. जाळी लागल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. कन्व्हेयरचा धोका हा की तो गप्प उभा असतो आणि पलीकडच्या टोकाला एखाद्या सेन्सरसमोरून खोकं गेलं की आपोआप सुरू होतो. बंद आहे आणि थांबलेला आहे यातला फरक नव्या पोरांना पहिल्या दिवशीच दाखवा.

---

आठवा_फाटा, 2 ऑक्टोबर, रात्री 9.30

पडघावाले, पुढे काय झालं? आम्ही वाट बघतोय.

---

पडघा_मेंटेनन्स, 16 नोव्हेंबर, रात्री 10.20

उशीर झाला, क्षमस्व. दिवाळी संपेपर्यंत डोकं वर काढता आलं नाही.

पहिले साडेतीन मीटर वेगळ्या मोटरवर होते, ते 25 हर्ट्झवर आणले. काकांनी सांगितल्याप्रमाणे मोटर तापली. बाहेरचा पंखा लावला, आता ठीक आहे. पट्टा डावीकडे सरकला, खडूची खूण उपयोगी पडली.

खोकी चिकटून ठेवायची ही गोष्ट माणसांना पटायला दोन दिवस गेले, कारण मार्चपासून आम्हीच त्यांना अंतर सोडा म्हणून ओरडत होतो. आता ठेवायला तिघं आहेत आणि चौथा बदलीचा. दर 40 मिनिटांनी एक जण स्कॅनरच्या टेबलावर बसायला जातो. स्प्रिंगची उचल टेबलं दोन घेतली. खालच्या थराचे 6-7 सेकंद आता पाचच्या आत आले. घाईच्या तासात 1,900 च्या आसपास खोकी जातात आणि परत फिरणारी शंभरात 3-4 राहिली. त्यातली बहुतेक छोट्या शाम्पूच्या खोक्यांची, लागोपाठ आली की. 2,200 गाठले नाहीत. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एकही गाडी रात्री दहानंतर उभी राहिली नाही. गेल्या वर्षी पहाटे चारपर्यंत भरत होतो.

माथाड्याच्या लेकीला खास सांगायचं आहे. आमच्यातले एक जण पूर्वी गोणीच वाहायचे, वय 52. टेबल आल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आज घरी जाऊन नातवाला उचललं." मला काय बोलावं ते सुचलं नाही.

---

माथाड्याची_लेक, 16 नोव्हेंबर, रात्री 11.40

वाचून डोळे भरून आले. त्या काकांना माझा नमस्कार सांगा. टेबलाची उंची किती ठेवली आहे? माझा भाऊ वाशीला एका गाळ्यावर आहे, त्याला सांगायचं आहे.

---

पडघा_मेंटेनन्स, 17 नोव्हेंबर, सकाळी 6.50

नमस्कार पोचवला. वरच्या खोक्याचा तळ जमिनीपासून साधारण 75 सेंटिमीटर, म्हणजे आमच्या पट्ट्याच्या उंचीलाच. त्यामुळे उचलावं कमी लागतं, सरकवावं जास्त लागतं. भावाकडे गोण्या असतील तर रोलर चालणार नाहीत, सपाट पट्टाच घ्या म्हणावं. आणि टेबल घेण्याआधी तिथे उचलणाऱ्या माणसांना शेजारी उभं करून उंची मोजा. आमचं पहिलं टेबल मी माझ्या उंचीने लावलं होतं, ते नंतर 8 सेंटिमीटर खाली घ्यावं लागलं.